काकूची खबरी

माणसानं बहिरं कसं व्हावं, हे माझ्या धाकट्या चुलतीकडून शिकावं. बहिरं होणं कुणाच्या हातात नसतं हे मलाही कळतं, मी बी.ए. आहे, आमच्या अख्ख्या भावकीत कॉलेजची पायरी चढलेला पहिला. हे मी मिरवायला सांगत नाही, पण लपवायचंही मला काही कारण दिसत नाही. सांगायचं एवढंच, की कान गेले की माणसं कोपरा धरतात, चारचौघांत बसणं सोडतात, आणि हळूहळू घरातल्या जुन्या कपाटासारखी होतात. काकूनं यातलं काहीच केलं नाही. तिचे कान काही एका दिवसात गेले नाहीत. एका मोठ्या तापातनं ती उठली आणि त्यानंतर एकेक आवाज तिच्याकडून निघून गेला. कार्यक्रम संपल्यावर सतरंजीवरची माणसं उठतात ना, कुणी चप्पल शोधतं, कुणी नुसतंच गुपचूप निघतं, तसं. आधी चिमण्या गेल्या. मग मोबाइलची रिंग गेली. मग फोडणीची चरचर, बांगड्या, पत्र्यावरचा पाऊस, आणि सगळ्यात शेवटी काकाचं घोरणं. "बाकीच्यांचं वाईट वाटलं," ती सांगते, "पर घोरणं गेलं त्या दिशी मी गूळ वाटणार व्हते."

स्वतःचाही आवाज ऐकू येत नसल्यामुळं त्याचं माप तिच्या हातातनं सुटलं. तिची कुजबुज आमच्या युसूफ वडगावच्या स्टँडवर उभ्या असलेल्या माणसाला स्वच्छ ऐकू जाते. माझा निकाल लागला त्या दिवशी आम्ही दोघं केजहून एसटीनं येत होतो. गाडी खचाखच. कंडक्टर आला तशी काकूनं पदराची गाठ सोडली आणि म्हणाली, "एक हाफ माझं, आन एक फुल ह्याचं. बीए झालाय त्यो!" सगळी गाडी माझ्याकडं वळली. खिडकीशी बसलेले एक म्हातारबाबा सरकले आणि मला जागा करून देत म्हणाले, "बसा साहेब." मी कानापर्यंत लाल झालो, पण बसलो. तेव्हापासून तिनं मला नावानं हाक मारलेली नाही. मी 'बीए'च.

तिच्याशी बोलायचं तर आवाज लागत नाही. ती ओठ वाचते. समोर उभं राहायचं, तोंड नीट हलवायचं, बास. आधी आमची गल्ली तिच्याशी ओरडून बोलायची. मग एकेकाच्या लक्षात आलं, की ओरडण्यात नुसता दम जातो, आणि सगळी गल्ली तिच्यापुरती बिनआवाजी बोलायला शिकली. काका आणि काकूचं भांडण ऐकण्यासारखं असतं, कारण त्याची एकच बाजू ऐकू येते. काका नुसतेच ओठ हलवतात, काकू गल्ली दणाणून सोडते, आणि शेजारच्या बाया काकाचे निम्मे संवाद आपल्या पदरचे घालून भांडण पुरं करतात. विहारात वंदना चालू झाली की काकू डोळे मिटून हात जोडते. डोळे मिटले की ओठ दिसत नाहीत, मग सगळ्यांचं म्हणून होतं आणि काकूचं निम्मं राहिलेलं असतं. कुणी तिला हलवत नाही. सगळे हात जोडून तसेच उभे राहतात, ती तिच्या चालीनं शेवटपर्यंत येते, डोळे उघडते, आणि 'चला, बरोबर संपलं' अशा समाधानानं सगळ्यांकडं बघते. आणि चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत ती डीजेच्या गाडीच्या पत्र्याला तळहात लावून चालते. गाणी तिच्या हातातनं वर चढतात. पोरं नाचून थकतात, ही गाडीचा हात सोडत नाही.

अशा या बाईला एक दिवस मोबाइलच्या पडद्यावर एक वाक्य दिसलं, आणि तिथनं सगळं सुरू झालं.

वैशाली ही काकूची एकुलती एक लेक. तिला कडा गावाकडच्या एका खेड्यात दिलेली. तिला दिवस गेल्याची बातमी आली तेव्हा काकूनं वस्तीभर साखर वाटली आणि माळ्यावरचं एक जुनं मऊ लुगडं काढून झोक्यासाठी धुऊन ठेवलं. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमच्याकडची रीतच. काकू म्हणते, लेक माहेराला खरी येते ती बाळंतपणालाच; नंतर येते ती पाहुणी. तर त्या दिवशी व्हिडिओ कॉलवर वैशाली बोलत होती आणि तिच्या मागं तिची सासू बसलेली होती. बहिऱ्या बाईला काय कळतंय, अशा हिशेबानं ती मागनंच सुनेला म्हणाली, "तुज्या आईला ऐकाया येत न्हाई. बाप तुजा रातपाळीला. रातच्याला लेकरू रडून रडून काळंनिळं पडलं तर उठंल कोण? बाळंतपण हितंच करू." काकूनं ते ओठांवरनं जसंच्या तसं वाचलं. ती हसली, तिकडं पाऊस कसा हाय म्हणून विचारलं, आणि मोबाइल पालथा घातला.

काका केजला कापसाच्या एका जिनिंगवर रात्रीचे वॉचमन, त्यामुळं विहिणीचं म्हणणं खोटं नव्हतंच. कानाचं यंत्र काकूनं मागं एका शिबिरातनं आणून पाहिलं होतं. "नुसतं वारं सुटतंय त्यात," म्हणून तिनं ते बासनात ठेवलं. मी तेव्हा बीडला क्लासला होतो. शनिवारी गावी आलो तर काकू माझ्या वाटेवरच उभी. "बीए," ती म्हणाली, "मला एक कुत्रं बघायचंय."

मुलगी बघायला जातात तशी आम्ही कुत्री बघितली. स्टँडवरच्या हॉटेलाच्या बाकड्यावर काकू दुपारभर बसून राहायची आणि रस्त्यावरच्या कुत्र्यांचे कान न्याहाळायची. रुबाबदार, दणकट, साऱ्या गल्लीवर भुंकणारी कुत्री तिनं एका नजरेत नापास केली. "भुंकून मला काय उपेग? मला ऐकाया येतंय व्हय?" शेवटी तिला पसंत पडली ती चहाच्या रंगाची एक हडकुळी कुत्री. तिचा उजवा कान वर्गात हात वर केलेल्या पोरासारखा कायम ताठ. कप ठेवला तरी वळायचा, कुणी शिंकलं तरी वळायचा. हॉटेलवाल्यानं काकूच्या समोर येऊन, ओठ नीट हलवत इशारा दिला, "काकू, लई फुकटचं जनावर हाय. भुंकत न्हाई, चावत न्हाई. चोर आला तर दिवा धरून वाट दाखवील." काकू म्हणाली, "दाखवू दे. मला बी दाखवील." आणि तिला घेऊन आली. नाव ठेवलं खबरी.

मी सुशिक्षित माणूस, म्हणून मी मोबाइलवर सगळं वाचून काढलं. परदेशात अशी कुत्री शाळेत घालून तयार करतात, ती मालकाला नाकानं ढोसून सांगतात, त्यांच्या अंगावर जाकीट असतं, हे मी काकूला समजावून सांगितलं. तिनं माझं शेवटपर्यंत वाचलं आणि म्हणाली, "तिकडं बायका पदर घेत न्हाईत, मंग करतील काय बिचारी?" तिची रीत तिनं तीच ठरवली. पदराच्या टोकाला गाठ, गाठीत सुकट. मी बाहेरनं कडी वाजवायची. खबरीचा कान वळला, की काकूनं पदर तिच्या तोंडापुढं धरायचा. वासानं ती ओढणार. ओढलं की काकू उठून दारापर्यंत जाणार आणि गाठ सोडून सुकट देणार. कडी झाली, मग कुकर झाला, मग दुधाच्या गाडीचा हॉर्न झाला. पावसाळा भरात येईपर्यंत खबरी काकूला अख्खं घर ऐकवायला लागली. मात्र सगळ्या साड्यांचे पदर कुरतडून झालर झाले, आणि काकू गेली तिकडं सुकटीचा वास जायला लागला. शिवाय पदर म्हणजे ओढायचाच, असा खबरीचा पक्का समज झाला. नळावर घागर वाजली की तिथं उभ्या असलेल्या बाईचा पदर ओढून ती तिला घागर वाजल्याची बातमी द्यायची. पावसाळ्यातल्या वर्षावासात विहारात ग्रंथवाचन सुरू झालं, तेव्हा सगळ्या बाया पदर मांडीखाली दाबून बसायच्या.

आणि खबरीला कामाची बातमी आणि बिनकामाची बातमी यातला फरक कधीच कळला नाही. एका दुपारी ती काकूला ओढत परसातल्या दाराच्या चौकटीपाशी घेऊन गेली. काकूनं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, काहीच नाही. मला हाक मारली. "हितं काय वाजतंय बघ रं." मी कान लावला. चौकटीच्या आत भुंगा लाकूड पोखरत होता. बारीक, संथ, झोप यावी अशी घरघर. मी सांगितलं. काकूनं चौकटीला गाल लावला, डोळे मिटले आणि तशीच उभी राहिली. बाहेर भुरभुर पाऊस, परसात ओल्या मातीचा वास, आणि ही चौकटीला टेकून उभी. बऱ्याच वेळानं म्हणाली, "लहानपणी आमच्या घरी व्हता आसा. मी इसरूनच गेलते, की भुंग्याला आवाज आसतो." मग तिनं गाठ सोडून खबरीला सुकट दिली. मी म्हणालो, असल्या फालतू गोष्टीला देऊ नको, तिची सवय बिघडेल. तर म्हणते, "कामाची न्हाई म्हणून काय खबर न्हाई व्हय?" मग हे रोजचंच झालं. बेडूक, पत्र्यावर घासणारी शेवग्याची फांदी, लांबवर कुणाच्या तरी वावरातली मोटार. उठून गेलेले आवाज खबरी एकेक करून पदराला धरून परत आणत होती, आणि मी दुभाष्यासारखा प्रत्येकाची ओळख करून देत होतो. त्या दिवसांत मला क्लासपेक्षा तिथं उभं राहावंसं वाटायचं.

पण खरी परीक्षा लेकराच्या रडण्याची. रडणं आणायचं कुठून? शेजारच्या सुनेचं पोर मी मोबाइल पुढं धरला, की खुदकन हसायचं. शेवटी मी अंगणवाडीत लसीकरणाच्या दिवशी जाऊन उभा राहिलो. तिथं पाहिजे तेवढं अस्सल रडणं मिळालं. ते मी काकाच्या मोबाइलमध्ये भरलं, कुठं बोट लावायचं ते काकूला दाखवलं, आणि बीडला निघून गेलो. झोक्यात मोबाइल ठेवायचा, बोट लावायचं, तळहातानं थरथर तपासायची, म्हणजे रडणं चालू; मग खबरीनं ओढत झोक्यापाशी आणायचं. दोन आठवड्यांनी आलो तर काकूनं मोठ्या अभिमानानं मला समोर बसवलं. "बघ आता." तिनं बोट लावलं, आणि झोक्यातनं ढोलकीच्या ठेक्यासकट दणदणीत भीमगीत सुरू झालं. खबरी तीरासारखी उठली, पदर धरला, काकूला झोक्यापाशी नेऊन उभं केलं. मी पोट धरून हसायला लागलो.

"कावून हसतो रं?"

"काकू, हे रडणं न्हाई, गाणं हाय. बोट चुकलं तुझं."

काकू क्षणभर माझ्या ओठांकडं बघत राहिली. मग म्हणाली, "तरीच. मी म्हणलं, काय ताल धरून रडतंय लेकरू!"

पुढं खबरी खरं रडणंही शिकली, पण गाणं काही विसरली नाही. तिच्या लेखी दोन्ही लेकरंच. आणि नेमकी त्याच सुमारास विहीण आली, व्याह्यांना घेऊन. वैशालीला पाठवणार नाही, हे तोंडावर नीट सांगून जावं म्हणून. वाईट बाई नव्हती. आपल्या नातवंडाची काळजी करत होती. काकूनं पुरणपोळी केली होती. मधल्या घरात पाटावर सगळे जेवायला बसले, शेजारीच आढ्याला तो लुगड्याचा झोका बांधलेला. विहिणीनं घास हातात धरला, काकूकडं तोंड केलं आणि सुरुवात केली, "इनबाई, राग नका धरू, पण..."

तेवढ्यात विहारावरच्या भोंग्यानं ग्रंथवाचनाआधीचं भीमगीत लावलं.

खबरी उठली. पदर ओढला. काकूच्या तोंडापाशी घास होता तो तसाच ताटात पडला. समोर कोण बसलंय, काय बोलतंय, काही न बघता ती उठली, आमटीचा हात अंगापासून लांब धरून धावली, डाव्या हातानं झोक्याचं लुगडं बाजूला सारलं आणि आत वाकली. झोका रिकामा. ती तशीच वाकून राहिली, काहीतरी राहून गेल्यासारखी आत बघत. भोंगा वाजत होता. मग तिनं भिंतीला हात लावला, आणि माझ्याकडं वळून विचारलं, "गाणं लागलं व्हय?" मी मान हलवली. व्याही फिसकन हसले.

काकू परत येऊन पाटावर बसली. एरवी कधी न पाहिलेला तिचा चेहरा मी त्या दिवशी पाहिला. "इनबाई," ती म्हणाली, "त्या दिशी मोबाइलवर तुमी बोलला ते मी वाचलंय. खोटं न्हाई बोलला. कुत्रं आजून कच्चंच हाय."

विहीण हसली नव्हती. ती झोक्याकडं बघत होती. तिथनं नजर काढून तिनं काकूकडं सरळ तोंड केलं आणि सावकाश, एकेक शब्द दिसेल असा बोलली. "माझी सासू चांगल्या कानाची व्हती, इनबाई. माझं पयलं पोर रडायचं आन ती कूस बदलायची. तुमी रिकाम्या झोक्याला भरल्या ताटावरनं उठला." मग तिनं पोळीचा तुकडा मोडला आणि नवऱ्याला म्हणाली, "हसताय काय? जेवा. सातवा लागला, की वैशालीला आणून सोडा हितं."

थंडीत वैशालीला मुलगी झाली. केजच्या दवाखान्यातनं ती घरी आली, आणि नंतरचे दिवस आठवले, की मला सगळं शेकशेगडीच्या धुरातनं बघितल्यासारखं दिसतं. ओव्याचा वास, कोवळं ऊन, झोक्याची संथ ये-जा, खाली पाय पसरून पडलेली खबरी आणि तिचा तो ताठ कान. पोरगी रडायच्या आधीच, नुसती कुरकुरली तरी पदर ओढला जायचा आणि काकू हजर. "आये, आजून रडली बी न्हाई ती!" वैशाली तोंड हलवून वैतागायची. शेजारची पोरं रडली तरी काकू तिथं जाऊन उभी राहायची. त्या हिवाळ्यात आमच्या गल्लीत कुठलंच लेकरू फार वेळ रडलं नाही. एकदा काकूनं मला विचारलं, "आपली कशी रडती रं?" मी म्हणालो, शेळीच्या करडासारखी. तिनं हातातली उलथणी उगारली. मग मी पुन्हा नीट ऐकलं आणि बराच विचार करून सांगितलं, की आधी जरा थांबते, मग एकदम जोरात, आणि शेवटी स्वतःशीच काहीतरी पुटपुटते. काकूनं ते ओठांवरनं दोनदा वाचून घेतलं.

मग न्यायला जीप आली. ओटी भरून झाली, टोपडं बांधून झालं, विहीण स्वतः पोरीला मांडीवर घेऊन बसली. ऊन डोळ्यांवर आलं म्हणून की काय, जीप सुरू होताच पोरीनं सूर लावला. जीप हलली तशी खबरीनं काकूचा पदर धरला आणि ओढायला सुरुवात केली. मी म्हणालो, राहू दे काकू, गेली ती. पण तिनं माझ्याकडं पाहिलंच नाही. खबरी पुढं, ताणलेला पदर, मागं काकू, आणि त्यांच्या मागं मी, असे आम्ही जीपच्या धुळीतनं चालत निघालो. विहारापाशी जीप वळली आणि मला रडणं ऐकू यायचं बंद झालं. मी थांबलो. खबरी थांबली नाही. कापसाची वावरं लागली, उपटून रचलेल्या पऱ्हाट्यांचे ढीग मागं पडले, तरी ती कान ताठ ठेवून चाललीच होती, आणि काकू तिच्या मागं, सावकाश, पदर सैल पडू न देता. शेवटी मीही मागोमाग गेलो. जीप केव्हाच दिसेनाशी झाली होती. सगळीकडं दुपार पसरलेली, आणि मला कानानं काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं.

ओढ्यावरच्या मोरीपाशी खबरी थबकली. कान एकदा इकडं, एकदा तिकडं वळला आणि हळूच खाली आला. तिनं पदर सोडून दिला.

काकू तिथंच उभी राहिली. पायाखालची जागा पाहून घेतली, रस्त्याकडं बघितलं, मग पदराची ओली कड पिळून खांद्यावर टाकली.

"हितवर आपली, बीए," ती म्हणाली. "हितनं फुडं इनबाईची."